आठशे वर्षांचे चालू खाते

जगात दोन गोष्टी अशा आहेत, की ज्यांना कुणी हात लावला नाही तर त्या मरतात. एक बँकेतले खाते आणि दुसरी जुनी इमारत. खात्याचे शास्त्र मला ठाऊक आहे, कारण गेली बावीस वर्षे मी त्याच्यावरच जेवतो. दोन वर्षे खात्यात भर नाही की उचल नाही, असे झाले की आम्ही ते 'निष्क्रिय' म्हणून बाजूला काढतो. अशी दहा वर्षे भरली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे जाते. इमारतीचेही नेमके असेच असते. फरक इतकाच, की निष्क्रिय इमारत रिझर्व्ह बँकेकडे न जाता पारव्यांकडे जाते. पारवे व्याज देत नाहीत असे नाही, पण ते घ्यायला छत्री उघडावी लागते.

हा सिद्धांत मला पूर्णपणे उमगला तो इंग्लंडमधल्या लेकॉक नावाच्या एका खेड्यात. आता बँकेतला कारकून आणि इंग्लंड हे दोन शब्द एका वाक्यात आले की वाचकांच्या भुवया वर जाणार. खुलासा आधीच करतो. आमच्या एल. एफ. सी.त इंग्लंड बसत नाही. पण माझी थोरली बहीण गोव्यात दिलेली आहे, आणि गोव्यातली पुष्कळ मंडळी पोर्तुगीज कागदपत्रांच्या जोरावर इंग्लंडमधल्या स्विंडन या शहरात जाऊन राहिली आहेत. त्या पुष्कळ मंडळींत आमचे भावोजी एक. तेव्हा विमानाचे भाडे माझे आणि राहणे-जेवणे बहिणीचे, असा तो व्यवहार होता. या व्यवहारात फायदा कुणाचा झाला हे कॉमर्सच्या पदवीधराला सांगावे लागत नाही.

लेकॉक स्विंडनच्याच जिल्ह्यात, विल्टशरमध्ये आहे. चार रस्त्यांचा एक चौकोन, एवढाच गावाचा विस्तार. हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट. एवढ्याशा गावाचा हाय स्ट्रीट मात्र आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाला हेवा वाटावा इतका रुंद. कारण तिथे पूर्वी बाजार भरत असे. दोन्ही बाजूंना दगडाची, विटांची आणि लाकडी सांगाड्याची घरे. त्या लाकडी घरांच्या भिंती पाहून मला एकदम कोकणातल्या आमच्या आजोळची आठवण झाली. लाकडी चौकटीत काटक्या विणायच्या आणि वरून मातीचा गिलावा करायचा, म्हणजे आपली कुडाची भिंत! आपण कूड पाडून सिमेंटच्या भिंती बांधल्या आणि 'सुधारलो' म्हणून सत्यनारायण घातला. यांनी कूड तसाच ठेवला, आणि आता जगभरचे लोक पैसे खर्चून तो पाहायला येतात.

चर्च स्ट्रीटवर एक घर आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत दोन प्रचंड वाकडे वासे उघडे दिसतात. एकच वाकडे झाड मधोमध उभे चिरायचे आणि त्याचे दोन भाग समोरासमोर उभे करून वर टेकवायचे, नमस्कारासाठी हात जोडतात तसे. त्या नमस्कारावर सगळे छप्पर पेललेले. वाकड्या लाकडाला आपण 'वाया गेले' म्हणतो. तिथे वाकडेपण हीच त्याची नेमणुकीची पात्रता होती. आमच्या ऑफिसातले काही सहकारी मला त्या क्षणी आठवले, पण ते जाऊ द्या.

आता या गावाचे खाते उघडले कुणी? तर एका विधवा बाईने. तिचे नाव एला. ही सॉल्सबरीची काउंटेस. नवरा १२२६ साली वारला. पुढे एला स्वतः विल्टशरची शेरीफ झाली. त्या काळचा शेरीफ म्हणजे राजाचा सारा गोळा करणारा मोठा मामलेदारच समजा. तेराव्या शतकात एक बाई हे काम करीत होती, हे वाचून मी टोपी नसताना टोपी काढली. हेन्री राजाने १२२५ साली मॅग्ना कार्टाची सनद नव्याने काढली होती. विल्टशरच्या वाट्याला आलेली तिची प्रत शतकानुशतके लेकॉकमध्येच जपून ठेवलेली होती. म्हणजे खाते उघडताना कागदपत्रे चोख! १२३२ साली एलाने लेकॉकला जोगिणींच्या मठाची पायाभरणी केली. सांगतात, की त्याच दिवशी दुपारी काही मैलांवरच्या हिंटन गावी जाऊन तिने पुरुषांच्या मठाचाही दगड बसवला. सकाळी एक पाया, दुपारी दुसरा. आपल्याकडे एका कोनशिलेला मंत्री दोन तास उशिरा येतात, आणि मागाहून शिला तेवढी उरते. एलाचे दोन्ही मठ मात्र खरोखर उभे राहिले. लेकॉकच्या मठात ती पुढे स्वतः जोगीण झाली, मठाची मुख्य झाली आणि १२६१ साली वारली.

मठ म्हटला की जमीन आली, जमीन आली की कुळे आली, आणि कुळांना राहायला गाव आले. हेच लेकॉक. कुळांनी मठाला देणे द्यायचे ते धान्यात, लोकरीत आणि कातड्यांत. त्यासाठी चौदाव्या शतकात बांधलेले लाकडी कोठार अजून उभे आहे. त्याला 'टाइथ बार्न' म्हणतात, म्हणजे दशमांशाचे कोठार. पिकाचा दहावा हिस्सा धर्मखात्यात जमा! मी भावोजींना म्हटलं, "भावोजी, मुदत ठेवीच्या व्याजावर आम्हीसुद्धा दहा टक्केच कापतो. चौदाव्या शतकापासून रेट बदललेला नाही."

भावोजी म्हणाले, "अरे, पण त्यांनी निदान कोठार तरी बांधून दाखवलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कोठाराचे पुढे काय झाले ते पाहा. मठ गेला, दशमांश गेला. दुसरे एखादे कोठार कोसळून मोकळे झाले असते. याच्यात गावाचा बाजार भरू लागला. खातेदार बदलला, खाते चालू राहिले. त्याच्याच शेजारी अठराव्या शतकातली एक घुमटाची दगडी खोली आहे. रात्री पिऊन दंगा करणाऱ्याला तिच्यात कोंडत असत. तिला खिडकी नाही, म्हणून तिला म्हणायचे 'आंधळे घर'.

पिण्याची सोय जवळच होती. वेस्ट स्ट्रीटवर जॉर्ज इन नावाची खानावळ आहे, ती चौदाव्या शतकापासूनची असल्याचे सांगतात. तिथल्या चुलाण्यापाशी एक मोठे लाकडी चाक आहे. ते कशासाठी, तर कुत्र्यासाठी! चुलीवर मांसाची सळई सारखी फिरती ठेवावी लागे. म्हणून चाकात एक कुत्रा सोडायचा. तो पळे, चाक फिरे, सळई फिरे. आखूड पायांची, लांब अंगाची कुत्र्यांची एक जातच या कामासाठी बाळगलेली होती. पुढे सळई फिरवायला यंत्रे आली आणि ती जात नामशेष झाली. यंत्र आल्यावर कोणाकोणाची गरज संपते, या विषयावर संगणकीकरणानंतर बँकेत शिरलेल्या माणसाने अधिक काही लिहू नये. पण एवढे म्हणतो, की कुत्रा गेला तरी चाक कुणी सरपणात घातले नाही. गावातली दुसरी जुनी खानावळ पंधराव्या शतकातली, 'साइन ऑफ द एंजल'. हे नाव देवदूतावरून नव्हे, तर एंजल नावाच्या सोन्याच्या नाण्यावरून पडले म्हणतात. आमच्या धंद्याला इतका मान आपल्याकडच्या कुठल्याही खानावळीने दिलेला नाही.

नाण्यावरून आठवले. लेकॉकच्या इतिहासातला माझा सगळ्यांत आवडता माणूस आता येतो. आवडता अशासाठी, की ऑडिटच्या दिवसांत आम्हांला ज्याची स्वप्ने पडतात तो हाच.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले सगळे मठ बंद केले. लेकॉकची पाळी १५३९ साली आली. जोगिणींना पेन्शन देऊन घरी पाठवले आणि मठ विकायला काढला. तो ७८३ पौंडांना घेतला विल्यम शेरिंग्टन या दरबारी गृहस्थाने. त्याने मठाचे चर्च पाडले. पण अंगणाभोवतीच्या कमानदार पडव्या, त्यांच्या कडेच्या खोल्या, दगडी छते हे सगळे तळमजला म्हणून तसेच ठेवले आणि वर आपले राहते घर चढवले. आयता पाया मिळत असताना नवा कोण घालतो? जोगिणींचा मठ आज दिसतो तो या काटकसरीमुळे. कोपऱ्यात त्याने एक अष्टकोनी मनोरा बांधला, मौल्यवान चीजवस्तू ठेवण्यासाठी.

या चीजवस्तूंची आवक कुठून? १५४६ साली शेरिंग्टन ब्रिस्टलच्या टांकसाळीचा उपखजिनदार झाला. तिथे त्याने चर्चमधली चांदीची भांडी विकत घेऊन त्यांत हिणकस धातू मिसळला आणि नाणी पाडली. चांगल्या नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी खिशात घातली. वह्यांत खोट्या नोंदी केल्या आणि मूळ वह्या नाहीशा केल्या. वाचकहो, हा १५४६ ते १५४८ सालचा मजकूर आहे, हे पुन्हा सांगतो. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत अफरातफरीची जी जी परिपत्रके माझ्या टेबलावरून गेली, त्यांत या माणसाच्या पुढे कुणी गेलेला नाही. संगणक सोडला तर आपण नवे काही शोधलेले नाही.

१५४९च्या जानेवारीत तो पकडला गेला. राजाचा मामा थॉमस सीमोर याच्या कटाला हा पैसा पुरवीत होता, हेही बाहेर आले. सीमोरचे डोके मार्च महिन्यात उडाले. शेरिंग्टनचे? त्याने कबुलीजबाब दिला. त्याला माफी मिळाली. जप्त झालेल्या जमिनी त्याने भलीमोठी रक्कम भरून परत घेतल्या. आणि १५५२ साली तो विल्टशरचा शेरीफ झाला! दरम्यान लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने राजापुढच्या प्रवचनात, पैसे परत करणारा सज्जन म्हणून त्याचे कौतुकही केले. आमच्याकडे तिजोरीत शंभराची एक नोट कमी पडली तर कारकुनाच्या पगारातून वळती होते. यावरून चोरी किती मोठी करावी याचा बोध ज्याने त्याने घ्यावा.

तर असा हा मनोरा. चोराने बांधला, पण बांधला नंबर एक. एलाची भक्ती आणि शेरिंग्टनची अफरातफर एकाच भिंतीत चिणलेली आहेत, आणि कुठला दगड कुणाच्या पुण्याचा नि कुठला कुणाच्या पापाचा हे सांगता येत नाही. आधी मला हे खटकले. मग विचार केला, की आपल्या एखाद्या किल्ल्याची वा राजवाड्याची जमाखर्चाची वही उघडली तर काय निघेल? इतिहासातल्या इमारतींचे ऑडिट करायला बसलो तर उभी राहील अशी एकही उरायची नाही. इमारतीला विचारायचे ते एवढेच, की बाई, तू आता कुणाच्या उपयोगी आहेस?

शेरिंग्टनला मूलबाळ नव्हते. घर त्याच्या भावाकडे आणि मग पुतणी ऑलिव्हकडे गेले. या ऑलिव्हची दंतकथा अशी. बापाला जावई पसंत नव्हता. एका रात्री तो खाली उभा असताना तिने वरून उडी टाकली. त्याने तिला झेलले खरे, पण तो स्वतः मरता मरता वाचला. बाप म्हणाला, एवढी उडी मारलीस तर आता लग्नच कर. त्या जावयाचे नाव जॉन टॅलबट. पुढची साडेतीनशे वर्षे घर टॅलबटांकडे राहिले. घराण्याचे मूळ असे थेट गुरुत्वाकर्षणात सापडणे दुर्मीळच.

याच घराण्यातला विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हा विद्वान. गणित येई, रसायन येई, प्राचीन लिपी येत. एक गोष्ट येत नसे, चित्र काढणे. १८३३ साली इटलीत कोमो सरोवराकाठी बायको छान चित्रे काढीत बसे आणि याच्या कागदावर नुसते फराटे. तेव्हा त्याला वाटले, की समोरचे दृश्य आपोआपच कागदावर उमटून राहिले तर? घरी येऊन त्याने कागदावर मिठाचे पाणी आणि चांदीचा क्षार चढवला, आणि छोट्या लाकडी पेट्या करवून त्यांत भिंग बसवून त्या घरभर ठेवल्या. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणत असे. नवऱ्याच्या शोधाचे घरात काय स्वागत होते, याबाबतीत पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

१८३५च्या ऑगस्टमध्ये एका सापळ्यात उंदराऐवजी खिडकी सापडली. लेकॉकच्या मठाचीच, जाळीच्या काचांची एक खिडकी. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो कागद म्हणजे कॅमेऱ्यातून घेतलेली, आज उपलब्ध असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह. भिंगातून पाहिले तर खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या, असे टॅलबटने नोंदवून ठेवले आहे. निगेटिव्हची गंमत ही, की एकीवरून हव्या तितक्या प्रती निघतात. त्याच काळात फ्रान्समध्ये दागेरने काढलेल्या पद्धतीत चित्र सुरेख येई, पण एकच. कारकुनाला दागेरपेक्षा टॅलबट जवळचा वाटतो तो यामुळे. प्रती काढता येणे ही संस्कृतीची पहिली पायरी आहे.

फोटोचे हे शास्त्र आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पुढे दीडशे वर्षे आपल्या घराघरांत मुंजीचे, लग्नाचे, आणि हार घालून भिंतीवर गेलेल्या आजोबांचे जे फोटो निघाले, त्यांची रीत लेकॉकच्या त्या खिडकीशी जाऊन भिडते. मी खिडकीसमोर उभा राहिलो आणि बहिणीने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत मी आलो, खिडकी आली नाही. बहिणींचे असेच असते.

आता शेवटची खातेदार. मटिल्डा टॅलबट. ही फॉक्स टॅलबटची नात. हिच्याकडे १९१६ साली मठ, शेती आणि जवळजवळ सगळे गाव वारशाने आले. वारसा म्हणजे मालमत्ता असे ज्यांना वाटते त्यांनी गळणारी कौले, कुजलेले वासे आणि वारसाकर यांची बेरीज करून पाहावी. विसाव्या शतकात इंग्लंडमधली कितीतरी जुनी घरे या बेरजेत कोसळली. काही विकली, काही पाडली. मटिल्डाबाईंनी लग्न केलेले नव्हते. त्यांनी १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, मठ आणि गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. मॅग्ना कार्टाची ती प्रत ब्रिटिश म्युझियमला दिली. एखादा दागिना देवीला वाहावा तसे आख्खे गाव वाहिले.

याचा परिणाम काय झाला? बहुतेक घरे ट्रस्टची आणि माणसे भाडेकरू. विजेच्या तारा, टीव्हीच्या काड्या नजरेस पडू नयेत अशी व्यवस्था. त्यामुळे १९९५ साली बी. बी. सी.ने जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर मालिका काढली तेव्हा हेच गाव वापरले. पुढे हॅरी पॉटरच्या चित्रपटात जोगिणींच्या पडव्या जादूच्या शाळेचे व्हरांडे झाल्या. खात्यात भर पडली. पण उचल काय? राहणाऱ्याला घर आपल्या नावावर करता येत नाही, मनात आले म्हणून भिंत पाडता येत नाही, आणि भाजी चिरताना मान वर केली की खिडकीला नाक लावून उभा असलेला परका माणूस दिसतो. त्या दिवशी तो परका माणूस मी होतो. आतल्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि सवयीच्या शांतपणे पडदा ओढून घेतला.

मी भावोजींना विचारलं, "अशा घरात राहाल का हो तुम्ही?"

ते जरा थांबले. त्यांचं गोव्यातलं घर बंद आहे, वर्षातून एकदा जाऊन कौलं चाळून येतात. म्हणाले, "राहणारा आहे हे काय थोडं आहे? वास्यांना धूर लागतो, दाराला हात लागतो. माझ्या घराला ट्रस्ट नको, फक्त संध्याकाळी दिवा लावणारं कुणीतरी हवं."

बावीस वर्षांत व्यवहाराची इतकी चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. लेकॉकचे कौतुक मला त्याच्या वयासाठी वाटत नाही. आपल्या लेण्यांपुढे आठशे वर्षे म्हणजे काल परवाची गोष्ट. कौतुक याचे, की मठाचे घर झाले, कोठाराचा बाजार झाला, आणि घरांतली माणसे अजून घरांतच आहेत. गावातली शाळा चालू आहे. दप्तर पाठीला लावून एक मुलगा कुडाच्या भिंतीच्या कडेने, तिला एक बोट घासत चालला होता. सातशे वर्षांपूर्वीचा तो कूड की मागच्या वर्षी लिंपलेला, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. मी मात्र मनातल्या मनात त्या भिंतीच्या पासबुकावर त्या दिवशीची नोंद केली. जमा, एक बोट.